शेवंतीची झूल

दाजी गेल्याचा अक्काचा फोन आला तेव्हा मी एका बँडवाल्याच्या कोटाला बटणं लावत होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. "सकाळी चहा घेतला नि बसल्या जागी मान टाकली रे," एवढंच म्हणाली. महिना झाला त्याला. गिऱ्हाईकं विचारतात, दुकान बंद का असतं? काय सांगू... उघडायला गेलं की आधी पायरी दिसते.

दाजी मखमलाबादकडचे, फुलशेतीवाले. शेवंती पिकवायचे आणि लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी द्यायचे. पांढरीशुभ्र होती, तिचंही नाव शेवंतीच. नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात तिला खाज सुटली. खुंटाला घासून घासून आयाळ गेली, शेपटी बोडकी झाली, मानेवर रक्त यायला लागलं. अशा घोडीवर कोण नवरदेव बसवतो? डॉक्टर म्हणाले, बारीक चिलटं चावतात, त्याची हिला ॲलर्जी आहे. तिन्हीसांजेला आणि पहाटे अंगभर झूल घाला, पण आत हवा खेळली पाहिजे.

दाजींनी बाजार पालथा घालून बारीक विणीची जाळी आणली. घोडीचं माप सुतळीला गाठी मारून घेतलेलं. "सुधाकर, मानेपासून शेपटीपर्यंत झाकेल अशी शिव. दिसायला कशी बी असू दे."

आता मी पडलो बँडचे पोशाख शिवणारा. चार लोकांनी हात वाखाणावा ही खोड जुनीच. "दाजी, घोडीला मच्छरदाणी? गल्ली हसेल," म्हणालो. "हसू दे. तिचं खाजवणं थांबलं म्हणजे झालं." पण ऐकेल तो सुधाकर कसला! जाळी टिकायची नाही, पहिल्याच दिवशी फाटेल, असं ठोकून दिलं; शिवून बघितलीसुद्धा नाही. मांडवाचं जाड कापड घेतलं, काठाला जर लावली, ऐट दिसावी म्हणून मान उघडी ठेवली. दाजींनी झूल हातात तोलून बघितली आणि "तुझा हात चांगला हाय" एवढंच बोलले.

त्या झुलीखाली घोडी घामाने निथळायची, आणि उघड्या मानेवर चिलटं बसायची ती बसायचीच. जखमा चिघळल्या. शेवटी दाजींनी तिला नांदगावकडे, कोरड्या हवेत, ओळखीच्या एका माणसाकडे देऊन टाकली. टेम्पोत चढवताना तिच्या कानाशी काहीतरी बोलले... काय ते विचारायला मला तोंड नव्हतं.

त्यानंतर इतकी वर्षं दाजी दुकानी यायचे, पण बाहेर पायरीवरच बसायचे. "आत या की," म्हटलं तर "इथं बरं हाय, वारा लागतो." मला वाटायचं, राग धरलाय. मग मीही ताठ. चूक कबूल करायची राहूनच गेली.

तेराव्याला अक्काजवळ हे बोललो. ती म्हणाली, "राग कसला रे. आत फळीवर त्या जाळीची घडी दिसायची त्यांना. म्हणायचे, आपली नजर तिकडे जायची नि सुधाकरला ओशाळं वाटायचं, म्हणून बाहेर बसत."

परवा ती घडी खाली काढली. आत सुतळी निघाली, गाठींसकट. मशीनवर बसलो आणि त्या मापाने झूल शिवली, मानेपासून शेपटीपर्यंत. दोन्ही हातांनी ओढून बघितली. फाटली नाही. एका दुपारचं काम होतं.