इसण टाका की

भूत, करणी, अंगात येणं... जन्मात मानलं न्हाय. मसणवट्याच्या बांधाला माझं रान हाय, तिथं एकट्यानं रातीची पाण्याची दारं धरलीत. शाळा चौथीपतूर. लिवण्यात चुका निघतील, सांगण्यात न्हाय.

नळदुर्गच्या अलीकडं, हायवे सोडून आत आमचं गाव. घरात म्या आन् सून. पोरगा ट्रकवर असतो. न्हाणीत पूर्वी तांब्याचा बंब व्हता, तो पेटवायचं काम माझं. पाणी कढत व्हायचं, आन् बायको आतून वरडायची — "अवो, इसण टाका की! कोंबडीवानी सोलता का मला?" इसण म्हंजी कढत पाण्यात घालायचं गार पाणी.

ती गेली. बंब मोडीत गेला, पोरानं लाइटवरचा गिझर बसवला. त्यो शब्द बी घरातनं गेला. सून हैदराबादेत वाढलेली, तिनं बंब बघितलेला न्हाय.

गिझरचं बारीकसारीक म्याच बघायचो. दिवा लागंना तर खटका पडलाय का बघायचं. पाणी बारीक आलं तर नळाची जाळी काढून झटकायची, आमच्या बोरचं पाणी क्षाराचं. एवढं कुणालाबी जमतं. मग खालचा व्हॉल्व्ह गळाया लागला.

"मामा, मेकॅनिकला बोलवू का?" सून म्हणली.

"थेंबासाठी मेकॅनिक? गाव हसंल."

सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली, करकचून बांधला. थेंब बंद. पारावर सांगितलं बी.

थंडीची सकाळ. म्या अंगणात तोंड धूत व्हतो. सून टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीकडं निघाली... आन् आतनं आवाज आला —

"अवो, इसण टाका की!"

तोच आवाज. "की" लांबवायची तीच ढब.

"थांब, आत जाऊ नको," सुनेला म्हणलं. का ते सांगितलं न्हाय. दार ढकललं. कुणी न्हाय. गिझर मातूर आधणावानी गडगडत व्हता, नळाच्या तोंडातनं वाफ. खटका बाहेरच्या भिंतीला, तो पाडला. नळाला हात लावला न्हाय. आन् म्याच म्हणलं, "मेकॅनिकला फोन लाव."

पाणी गार होईस्तोवर त्यानं बी हात लावला न्हाय. मग उघडून म्हणला, "आबा, थर्मोस्टॅट चिकटलाय, कट-आउट जळालाय. पाणी उकळतच ऱ्हायलं. जादा वाफ सोडायला खालचा व्हॉल्व्ह असतो, तोच तुम्ही बांधला. टाकी फुटली असती तर आतलं माणूस गावलं नसतं."

"नवा व्हॉल्व्ह टाक," एवढंच म्हणलो.

तुमाला सांगतो — गडगड, वाफ, व्हॉल्व्हची गळती, यात शाणपणा करू नका. खटका पाडा, जाणत्याला बोलवा.

आवाजाचं मातूर कुणाला बोललो न्हाय. म्हाताऱ्याचे कान, आठव आला आसंल... असं मनाशी धरलं. जेवताना सुनेनं भाकरी वाढता वाढता विचारलं —

"मामा, सकाळी न्हाणीत कोण बाई होती?"

"कामून?"

"ओरडली की. तुम्ही मला थांब म्हणायच्या आधी. इसण म्हंजी काय हो?"

काय सांगू? मलाच अजून उमगलं न्हाय. तुमच्यात शिकलेली माणसं हायत, त्यांनी सांगावं.

गिझर आता नीट हाय, पाणी बेताचंच तापतं. तरी रोज सकाळी म्या न्हाणीत एक बादली गार पाणी भरून ठिवतो. कशाला ते सून आता विचारत न्हाय.