विमानात लाइट गेली

आमच्या खोलीची मागची भिंत लूमच्या खात्याला लागून आहे. खातं म्हणजे कापड विणायचा कारखानाच, पण सुरतेच्या पांडेसरात त्याला कारखाना कुणी म्हणत नाही. आमचे हे तिथेच कारीगर. भिंतीपलीकडे मशिनी खटाखट चालतात आणि अलीकडे माझ्या फळीवरच्या वाट्या बारीक थरथरत असतात. खानदेशातून लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग अशी काही सवय जडली की आवाज थांबला तरच जाग यायची. लाइट गेली की सगळ्या मशिनी एकदम बंद, वाट्या गप्प, आणि गल्लीच्या गल्ली दचकून उठून बसते. लोक गोंगाटानं जागे होतात, आम्ही शांततेनं. हसू नका, खरं तेच सांगते.

या आवाजातच माझी लेक वाढली. पाळण्यात होती तेव्हापासून मशिनी चालू असल्या की गाढ झोपायची. शाळेत मराठी, मैत्रिणींशी गुजराती, नोकरीत हिंदी बोलणारी पोर. आमची अहिराणी तिच्या तोंडून ऐकायची तर तिला ताप तरी यायला हवा, नाहीतर कुठे ठेचाळली तरी पाहिजे. दुखलं की मात्र अस्सल अहिराणीत "माय वं!" लग्न होऊन ती बेंगळुरूला गेली आणि तिथून माझं नि आकाशाचं वैर सुरू झालं.

मला विमानाची भीती वाटते. वाटते म्हणजे वाटते, त्यात लपवायचं काय? आमच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात. दुपारी कपडे वाळत घालत असले की एखादं डोक्यावरून जातं, पोट पांढरं, चाकं बाहेर काढलेली. क्षणभर चादरीवर त्याची सावली पडते आणि पुसली जाते. मी हातातला चिमटा तसाच धरून बघत राहते. आत बसलेल्यांच्या पायाखाली काही म्हणजे काही नाही, आणि ही माणसं म्हणे वर चहा पितात! मेल्यांच्या घशाखाली उतरतो तरी कसा?

लेकीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यात जावयांचा फोन आला. तपासणीत बाळाच्या काळजाचा ठोका ऐकू येत नव्हता. त्यांनी लगेच माझं विमानाचं तिकीट पाठवलं. हे मला घेऊन रिक्षानं डुमसच्या रस्त्याला, थेट विमानतळाच्या दारापर्यंत आले. आणि मी रिक्षातून उतरलेच नाही. दांडा दोन्ही हातांनी धरून बसले. ह्यांनी समजावलं, मग रागावले. मी म्हणाले, "मला रेल्वेत बसवा." बसवलं. आरक्षण नाही, मध्ये गाडी बदलायची, ती चुकली, आणि मी पोचले तिसऱ्या दिवशी. सगळं उरकलं होतं. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळून एवढंच म्हणाली, "माय, उनी तू?" आलीस तू, इतकंच. त्यात राग नव्हता हो. राग असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द ऐकून घेतले असते. मग थोड्या वेळानं म्हणाली, "डॉक्टरनं मशीन लावली, पण आतून आवाजच नाही आला गं." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. माझी मलाच लाज वाटत होती, आणि ती लाज घेऊनच मी सुरतेला परतले.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण इथं माहेरालाच उठून जायची वेळ आली. मी आपलं शहाण्यासारखं तारखेच्या पंधरा दिवस आधी पोचेन अशा बेतानं रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं. डिंकाचे लाडू वळले. ह्यांनी विणलेल्या, अजून रंग न चढलेल्या कापडाची गोधडी शिवली, आत माझ्या जुन्या साड्या घालून. आणि एका सकाळी लेकीचा फोन आला. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, तिला दवाखान्यात ठेवून घेतलंय, परवा सकाळी ऑपरेशन. "आई," ती म्हणाली, "तुला जमेल तसं ये. रेल्वेनं आलीस तरी चालेल."

चालेल! तो शब्द असा टोचला म्हणून सांगू. आईला विमान जमायचं नाही, हे पोरीनं धरूनच ठेवलं होतं. रेल्वेनं निघाले तर पुन्हा उशीर, हेही तिला माहीत होतं, आणि तरी ती मला सोडून देत होती. मी तिरीमिरीत बोलून बसले, "उद्या विमानानं येते."

फोन ठेवला आणि पाचावर धारण बसली. शेजारी परभणीकडच्या एक मावशी राहतात, त्या धावत आल्या. म्हणाल्या, "खिडकीशी बसू नका, आवळासुपारी तोंडात धरा, नि खाली अजिबात बघू नका." मी विचारलं, "मावशी, तुम्ही कधी बसलात विमानात?" तर म्हणतात, "मी? छ्या! मी तर जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसत नाही." घ्या आता!

दुपारी हे जेवायला घरी आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "घाबरू नको. खातं समज." जेवण झाल्यावर त्यांनी मला भिंतीला पाठ लावून पाटावर बसवलं. जुन्या साडीचा काठ फाडून पोटावरून पट्टा बांधला. डोळे मिटायला लावले. भिंतीतून खटाखट पाठीत शिरत होती. हे सांगत होते, "आत असाच आवाज असतो. आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे." स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत हं! पण मशीन सुरात चालली की माणूस निर्धास्त, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. कानांनी त्यांना आता कमी ऐकू येतं, तरी मशिनीचा सूर बिघडला की पायांना कळतं.

मी डोळे मिटूनच विचारलं, "तुम्ही का येत नाही माझ्याबरोबर?" दोन दिवस खाडा झाला की त्यांच्या मशिनी दुसऱ्याच्या हाती जातात आणि मग परत मिळता मिळत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं. लग्न झाल्यापासून मला कशाचीही भीती वाटली की हा माणूस एकच बोलतो, "मी शे ना." मी आहे ना. त्या दुपारी पट्ट्याची गाठ मारताना त्यांनी ते म्हटलं नाही. म्हणणार कसं?

ते कामावर गेले आणि मी पट्ट्यासकट तिथेच कलंडले. स्वप्न पडलं. गच्चीवर साड्या वाळत होत्या आणि एकेक साडी दोरीवरून सुटून वर चालली होती, कसलीही घाई नसल्यासारखी. मीही त्यांच्या मागोमाग निघाले. माझ्या कमरेला सुताचा एक धागा होता, त्याचं दुसरं टोक खाली ह्यांच्या बोटात. मिलची धुरांडी खाली राहिली, तापी खाली राहिली, मग माझ्या माहेरची केळीची बाग आली आणि तीही मागे गेली. सगळं दुधात भिजवल्यासारखं मऊ दिसत होतं. मला भीती वाटत नव्हती. मशिनींचा आवाज त्या धाग्यातून माझ्या कमरेपर्यंत पोचत होता. एक निळी साडी तर माझ्या गालाला लागून गेली, अजून ओली होती. आणि एकाएकी धागा सैल पडला. आवाज गेला. मी ओरडून उठले.

खरंच लाइट गेली होती. वाट्या गप्प होत्या. अख्खी गल्ली चिडीचूप. त्या शांततेत घामानं भिजून बसले आणि मला लेकीचं बोलणं आठवलं, आतून आवाजच नाही आला. ती शांतता माझ्या पोरीनं एकटीनं ऐकली होती. मी तेव्हा रेल्वेच्या डब्यात संडासापाशी ट्रंकेवर बसलेली. मला रडू फुटलं. मग स्वतःचाच असा राग आला की बस्स! मेले तर मेले, म्हटलं, पण दुसऱ्यांदा तिला एकटीला ठेवायचं नाही. पाचेक मिनिटांनी लाइट आली, वाट्या पुन्हा थरथरायला लागल्या, आणि मी उठून बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा नीट थांबायच्या आत मी खाली उतरले होते. हे बघतच राहिले. पुढचं कोण काय म्हणालं, कुठे काय दाखवलं, मला धड आठवत नाही. आठवतं ते मांडीवर गोधडी घेऊन खुर्चीत बसलेय, इथून. शेजारी एक सुरती काका होते, त्यांच्या मांडीवर नानखटाईचा डबा. विमान पळायला लागलं आणि आवाज पाठीत शिरला. ह्यांचं बरोबर होतं, अगदी खातंच! मी डोळे मिटले. आपली भिंत, आपला पाट, आपल्या वाट्या. वर गेलो, आवाज चालूच. जमतंय की, म्हटलं.

आणि आवाज एकदम खाली बसला.

"लाइट गेली!" मी अशी ओरडले की पुढच्या चार ओळी मागे वळल्या. "अहो, लाइट गेली!" काकांचं मनगट मी गच्च धरलेलं. त्यांच्या डब्याचं झाकण पार पायाशी जाऊन पडलं. ते बिचारे डोक्यावरच्या दिव्याकडे बघून म्हणाले, "लाइट तो चालु छे, बेन." मी म्हटलं, "मग आवाज का बसला?" त्यांनी समजावलं, चढताना जोर लागतो, आता चढण संपली, म्हणून इंजिन जरा सावकाश झालंय. घाटातून वर आलेल्या गाडीचं नाही का होत तसं? माझ्या हातात त्यांनी एक नानखटाई ठेवली. हे मी नंतर घरी सांगून बसले; आज नात रांगायला लागलीय, तरी घरात दिवा लुकलुकला की जावई गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "सासूबाई, विमान तर नाही ना हे?"

मग मी खाली बघितलं. बघायचं नव्हतं, तरी बघितलं. ढग पिंजून पसरलेले, त्यांच्यावर ऊन. आपल्या विमानाची इवलीशी सावली त्यांच्यावरून चालली होती, माझ्या चादरीवरून जायची तशीच. कुणाच्या गच्चीवर एखादी बाई चिमटा धरून आत्ता वर बघत असेल, असं मनात आलं. कालच्या साड्या कुठे दिसतात का, म्हणून मी उगाचच शोधत राहिले. आणि सांगायला लाज वाटते, मी चहा प्यायले. घशाखाली उतरला की!

संध्याकाळी जावई मला दवाखान्यात घेऊन गेले. खोलीच्या दाराशी पोचले आणि जागच्या जागी थबकले. आतून खटाखट आवाज येत होता, घाईघाईनं, एका सुरात. क्षणभर वाटलं, आपण आपल्याच खोलीच्या दारात उभ्या आहोत. आत लेक पडली होती. तिच्या पोटावर पट्टा बांधलेला आणि उशाशी एक मशीन. बाळाच्या काळजाचे ठोके होते ते. आणि पोर त्या आवाजात गाढ झोपली होती, पाळण्यात झोपायची तशी.

मी गोधडी तिच्या पायांवर घातली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतल्या उजेडाकडे बघितलं.

"लवकर उनी माय तू!" ती म्हणाली.

मी खाटेच्या कडेला टेकले. तिनं माझा हात घट्ट धरला. तिचा हात गार पडला होता, घाबरली होती पोर. मशिनीकडे बघत तिनं हळूच विचारलं, "माय, आठे लाइट जास का?" इथे लाइट जाते का?

"गेली तर जाऊ दे," मी म्हणाले. "मी शे ना."