ड्रॅगनच्या कपाळावरचं कुंकू

खंडेनवमीला लॅपटॉपला हळद-कुंकू लावताना ओल्या हळदीचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या, नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या जुन्या घरात पोचलो. पाटावर बाबांचा पाना होता, आईची शिवणाची कात्री होती आणि मधोमध माझं ड्रॅगनचं चमचमणारं कार्ड. दोस्तांशी किती अदलाबदल करून मिळवलेलं! आईनं त्याच्या कपाळावर ओलं कुंकू टेकवलं होतं.

"आई, खराब केलंस ना कार्ड!" मी रडकुंडीला आलो.

"हौ, पण दिवसभर ह्याच कार्डांनी लढाया करतोस ना? मग तुझी हत्यारं हीच. त्यांना पूजा नको?"

मी दिवाळीपर्यंत रुसलो होतो.

आता आई नाही. बाकीची कार्डं वाटून टाकली, हे एक ठेवलंय. उजेडात तिरकं धरलं की ड्रॅगन चमकतो आणि त्याच्या कपाळावर आईच्या बोटाच्या रेषा दिसतात.