डाव्या खांद्याचं पॅड

माझा धाकटा भाऊ डीकन आहे. डीकन म्हणजे फादरच्या खालची पायरी. बाप्तिस्मा देतो, लग्नं लावतो, गेलेल्या माणसाला मातीपर्यंत पोचवतो. बायको-पोरं असली तरी चालतं, त्याला आहेत. दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो, उरलेला वेळ देवाचा. आमच्या अख्ख्या खानदानात वेदीवर उभा राहिलेला हा पहिला माणूस, आणि त्याच्या अंगावर जे दिसेल ते मी शिवलेलं. मी सातवी शिकलोय, पण हातात कात्री घेतली की भल्याभल्यांना ऐकत नाही.

लहानपणी तो भिंतीवरून पडला आणि हाड वाकडं बसलं. डावा खांदा खाली आला तो आलाच. शाळेत पोरं त्याला 'तिरप्या' म्हणायची. दोघातिघांची थोबाडं मी रंगवली. पुढे मशीनवर बसायला लागलो तेव्हा ठरवलं, आता कोणी हसायचं नाही. त्याच्या प्रत्येक शर्टात डाव्या खांद्याला आतून पॅड घालायला लागलो. कंपनीचा युनिफॉर्मसुद्धा उसवून पुन्हा शिवला. वेदीवर घालायचा रुंद बाह्यांचा हिरवा झगा शिवला, तेव्हा तर खांदा असा बसवला की टेप लावून बघा, सरळ! चर्चमध्ये कोणाला पत्ता लागला नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

एकच गोष्ट डोक्यात जायची. कापड फाटेल पण माझा टाका सुटत नाही. ह्याच्या पॅडचा मात्र सारखा सुटायचा, आणि भावजयीने हाताने कसाबसा मारलेला दिसायचा. "धुण्यात सुटतो हो दादा," ती म्हणायची. मी तिच्या वॉशिंग मशीनला शिव्या घालायचो.

मग बिशपांनी त्याची बदली केली. तो लांबच्या चर्चला जाणार, इथे नवीन डीकन येणार. निरोपाच्या रविवारआधी धाकटा झगा काखेत मारून दुकानात आला.

"दादा, ह्यातलं पॅड काढ. खांदे नवीन डीकनचे कर. हे त्याचं माप."

"झगा तुझा आहे."

"चर्चचा आहे. तूच दिलास, फादरांसमोर, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात."

"मग तो आला की देईन करून."

"तो आल्या आल्या वेदीवर उभा राहणार. तुझ्याकडे लग्नाच्या कपड्यांचा ढीग पडलाय. आत्ता नाही केलंस तर बिचारा माझा उंचवटा घेऊन फिरेल."

"आणि ह्या रविवारी तू काय घालशील?"

"हाच."

"पॅडशिवाय? शेवटच्या दिवशी? सगळ्यांसमोर?"

"खांदा माझाच आहे ना?"

"खांदा तुझा, शिलाई माझी! लोक म्हणतील, भावाने झगा बिघडवला."

"तू सांग, झगा ठीक होता, भाऊच बिघडलेला होता," म्हणत हसत निघून गेला.

मी केलं. रागाने केलं, पण केलं चोख.

रविवारी मी पहिल्या बाकावर. धाकटा आत आला. डावीकडे कापडाला हा एवढा झोल, खांदा लांबूनही दिसावा असा खाली. प्रवचन काय झालं मला विचारू नका. मागे कोण हसतंय तेच मी मान वळवून वळवून बघत होतो. शेवटी बायकोने कोपर मारलं. "समोर बघा. देव तिकडे आहे."

कोणी हसलं नाही.

हसले ते नंतर, हॉलमध्ये. चहा झाला आणि गाणाऱ्यांच्या गटातली बाई माइकवर आली. आवाज खणखणीत. "जगाच्या लिफ्ट दुरुस्त करतो," ती म्हणाली, "पण आमच्या डीकनची स्वतःचीच लिफ्ट बंद! एक खांदा चौथ्या मजल्यावर, दुसरा तळमजल्यावर अडकलाय!"

अख्खा हॉल खो-खो हसला. मी ताडकन उठलो, खुर्ची मागे आपटली. म्हटलं, आज हिला सोडत नाही. तेवढ्यात धाकट्याकडे नजर गेली. सगळ्यांत जास्त तोच हसत होता, डोळे पुसत.

"बसा हो टेलरमास्तर," शेजारचा म्हातारा म्हणाला. हा रिटायर्ड बसड्रायव्हर, लकवा मारल्यापासून त्याचा एक हात लुळा आहे. "जोक त्याचाच आहे. मला घरी येऊन ऐकवलेला."

"त्याने? स्वतः?"

"मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो. कोणाशी बोलायचो नाही. डीकन येऊन बसला, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने शर्टाचा टाका उसवला आणि आतली गादी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, हा खांदा माझा नाही, माझ्या दादाचा आहे. त्याच्या जिवावर मी सरळ दिसतो. तुम्हीपण घ्या कोणाचा तरी, लाजू नका. मग तो लिफ्टचा जोक. हसलो मी. अर्ध्या तोंडाने, पण हसलो."

पुढच्या रांगेतली एक बाई वळली. "आमच्या सासूबाईंनापण दाखवलेलं. त्यांचा पाय कापला तेव्हा."

"आमच्याकडेही," मागून कोणीतरी म्हणालं.

म्हणजे धुण्यात काही सुटत नव्हतं. बिचारं ते वॉशिंग मशीन.

मी खुर्ची उचलली आणि गुपचूप बसलो. बायकोने रुमाल पुढे केला. मी घाम पुसला. घामच होता तो.

निघताना धाकटा जवळ आला. "रागावलास, दादा?"

"मग काय आरती ओवाळू? माझा टाका स्क्रूड्रायव्हरने उसवतोस! वर बायकोकडून पोत्यासारखा शिवून घेतोस! मला सांगायला काय झालं होतं?"

"तू उसवू दिलं असतंस?"

"मुळीच नाही."

"मग?"

मी खिशातली टेप काढली आणि तिथेच त्याचा डावा खांदा मापायला घेतला.

तो जायच्या आधी लग्नाचे कपडे बाजूला सारले आणि त्याला नवे शर्ट शिवून दिले. डाव्या खांद्याला पॅड आहेच, पण आता टिचबटणांवर. कॉलरमधून दोन बोटं घातली की निघतं, दाखवून झालं की बसतं. स्क्रूड्रायव्हर नको, भावजयीचा टाका नको. बाहेरून बटणाचा मागमूस लागत नाही. असं पॅड बसवणारा दुसरा टेलर कुठे असेल, तर आणा माझ्यासमोर.