गुळाच्या काट्यावरची मोटार

कोल्हापुरात राजारामपुरीत रस्ता सुरक्षेची पत्रकं वाटताना एक तरुण मला रोज दिसायचा. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी त्यानं अंगणातच आठशे सीसीची जुनी मोटार सोलून हलकी करायला घेतली होती. मागचं सीट, गालिचा, दारांची आतली आवरणं, जे निघेल ते तो घरच्या गुळाच्या काट्यावर ठेवायचा आणि भिंतीवर खडूनं वजन लिहायचा. एके दिवशी काट्यावर सीटबेल्ट दिसला.

"हा का काढलात?" मी भडकलोच.

"दीड किलो हाय की, पावणं."

"आणि तुम्ही गेलात, तर किती किलो कमी होतील?"

त्यानं खडू उचलून भिंतीवर दीड किलो लिहिलं.

रविवारी मी ट्रॅकच्या कुंपणाला उभा होतो, पत्रकं मुठीत आवळून. गाडी रेषेवर आली. त्याच्या छातीवर पट्टा होता. भिंतीवरचे दीड किलो त्यानं पुसले असणार. मग गाडी सुटली, आणि तरीही माझी मूठ उघडेना.