नागोबा सातव्या मजल्यावर

गारुड्याची पुंगी वाजली की शाळेत आमची कविता ओळीच्या मध्येच थांबायची आणि सगळा वर्ग खिडकीशी जमायचा. आज नागपंचमी, सकाळपासून तोच सूर कानात घुमत होता. तेवढ्यात आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला : "पार्किंगमध्ये साप दिसलाय. सर्पमित्र येतोय. दारं बंद ठेवा."

आम्ही सातव्या मजल्यावर, तरी मी धावत जाऊन दार लावलं.

सौ. पाटावर चंदनाने नाग काढत होती. ती कडाडली, "उघडा आधी! पंचमीला भावाला दार लावतात होय?"

"अगं, हा खराखुरा आहे!"

"असू दे. माझा खराखुरा भाऊ कुठे येतोय?"

मंडळी, हा भाऊ म्हणजे दत्ता, माझा चाकणचा मेहुणा. त्याच्या मुलाच्या लग्नात फोटोला हिला बोलवायचं राहिलं, तेव्हा हिनेच त्याला बजावलं होतं, "माझ्या दारात येऊ नकोस." त्याला तीन वर्षं झाली. तरी भावासाठीचा कालचा उपास हिने चुकवला नाही.

दार उघडं राहिलं. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो. धीराला एखादी कविता म्हणावी, तर एक ओळ आठवेना.

अचानक दाराशी काहीतरी सळसळलं. मी सोफ्यावर उभाच राहिलो.

"दाजी, खाली उतरा की! मी हाय, दत्ता." हातात लाह्यांची पिशवी.

सौ.ने नागोबापुढची दुधाची वाटी उचलून त्याच्यापुढे धरली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "तीन वर्षं कुठल्या बिळात होतास रे?"