शरीफ मोटार

जुनी मोटार घेताना टायर बघावेत, इंजिनाचा आवाज ऐकावा आणि हॉर्न वाजवून पाहावा. हे तिन्ही मी केलं होतं. (माझी फसगत अज्ञानातून झाली, असं कुणी समजू नये. ती पूर्ण अभ्यासानंतर झाली!)

निजामाच्या राज्यात मी औरंगाबादला वकिली करत होतो, तेव्हाची ही गोष्ट. धाकट्या मेहुण्याचं लग्न पैठणला होतं. पैठण ही माझी सासुरवाडी, आणि त्याच गल्लीत माझ्या थोरल्या साडूंचं पैठण्यांचं दुकान. माझा टांगा दारात थांबला की हे साडूभाऊ अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आले आमचे टांगेवाले वकील." बायकोला हे फार लागायचं. या वेळी आपण मोटारीतून उतरायचं आणि दाजींनी ते डोळ्यांनी बघायचं, असा तिचा हुकूम सुटला. मलाही तेच हवं होतं, पण हुकूम तिचा होता हे बरं पडलं.

एका जागीरदारांना मोटार विकायची होती. हिरवीगार, चार दरवाजांची, मागं मखमली पडदे. मी टायरांना लाथा मारून पाहिल्या (लाथ मारल्यावर काय बघायचं असतं, ते मला आजही माहीत नाही). इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. हॉर्न मात्र काही केल्या वाजेना. जागीरदारांचे मुनशी म्हणाले, "इसको हारन की जरूरतच नै पडी, वकीलसाब. बहोत शरीफ मोटर है. कभी बाजार का मूं नै देखी."

शरीफ म्हणजे कमी चाललेली, असा मी अर्थ लावला. अदालतीत उर्दूतून दावे लिहिणारा माणूस मी, मला कोण उर्दू शिकवणार! पडदे उन्हासाठी असणार, हेही मीच ठरवून टाकलं. मोटारीबरोबर तिचे जुने ड्रायव्हर कासीममियाँही आमच्याकडं आले.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. ओळखीच्यांनी बघावं म्हणून बायकोनं मोटार मुद्दाम गुलमंडीच्या भर बाजारातून न्यायला लावली. मी पडदे पार बाजूला सारले, शेरवानीची कॉलर नीट केली आणि नमस्कारासाठी हात तयार ठेवले. आणि गुलमंडीनं आमच्याकडं पाठ फिरवली! पानवाला फिरला, अत्तरवाला फिरला, माझा स्वतःचा पक्षकार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. कालचा दावा मी हरल्याचं सगळ्या गावाला कळलं की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझं लक्ष पुढं गेलं. कासीममियाँ खिडकीतून मान बाहेर काढून ओरडत होते, "पर्दा है, पर्दा! हटो!"

ती जागीरदारांच्या जनान्याची मोटार होती. तिच्यात गोषातल्या बेगमा बसायच्या आणि ती आली की लोकांनी तोंड फिरवायचं, असा रिवाज होता. मी कासीममियाँना गप्प बसायला सांगितलं. ते दुखावले. "हारन तो बंद है, साब. अब मैं बी चुप बैठूं तो गाडी चलेगी कैसी?"

तरी पैठणपर्यंत त्यांनी कसंबसं तोंड मिटून ठेवलं. वाटेत धूळ इतकी होती की पडदे आम्हीच ओढून घेतले. पण सासुरवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी एक शेळी आडवी आली आणि इतका वेळ कोंडलेला तो हॉर्न फुटला. "पर्दा है, पर्दा!"

गल्ली एका क्षणात मोकळी झाली. बाप्ये घरात गेले, दारं लागली. उरले एकटे साडूभाऊ. जनान्याची मोटार म्हणजे पैठण्यांचं गिऱ्हाईक, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. हातात पैठण्यांची चळत घेऊन, आमच्याकडं पाठ करून, ते उलटे चालत मोटारीपर्यंत आले आणि खांद्यावरून एक पैठणी पडद्याच्या आत सारत म्हणाले, "मियाँ, हुजूर को ये मोरपंखी दिखाव."

मी पडदा उघडायला हात घातला, तर बायकोनं माझं मनगट धरलं.

"थांबा हो," ती कुजबुजली. "दाजींनी आजवर मला एक धड पैठणी उलगडून दावली नाय. जरा बघू द्या की."

तिनं मोरपंखी मांडीवर पसरून मनसोक्त पाहिली आणि कासीममियाँच्या कानात काहीतरी सांगितलं. "हुजूर को किनार पसंद नै," मियाँनी जाहीर केलं. मग अंजिरी आली. ती हुजुरांना भडक वाटली. मग डाळिंबी, मग आणखी एक. साडूभाऊ प्रत्येक नकाराला समोरच्या भिंतीपुढं अधिकच वाकत होते. बायको पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि माझं हसू दाबायला मी खोकत होतो. लग्न झाल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. मोटारीचं चीज झालं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

शेवटी मोटार वळवून आम्ही मागच्या दारानं घरात शिरलो आणि कासीममियाँ ती घेऊन नदीकडं गेले. संध्याकाळी मांडवात साडूभाऊंनी मला गाठलं.

"वकीलसाहेब, तुमचं हुकलं. खुद्द बेगमसाहिबा आल्या हुत्या दुकानावर. एक पैठणी पसंत नाय पडली, पर काय ती पारख! खोकला तेवढा लई वाईट बघा. म्हातारा रेडा खोकावा तसा."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत स्पष्ट मनाई होती.

"अन् तुमी कशानं आलात?"

"टांग्यानं," मी म्हणालो.